चार आठवड्यांची जपानी

हल्ली आपल्याकडची पुष्कळ मुले जपानी भाषा शिकू लागली आहेत. पुण्यामुंबईकडे तिच्या शिकवण्या आहेतच. पण तालुक्याच्या गावचा, तंत्रशिक्षण घेतलेला एखादा मुलगाही आता वहीत जपानी अक्षरे गिरवताना दिसतो. त्यांपैकी एखादा विद्यार्थी, एखादी विद्यार्थिनी, उन्हाळी वर्गासाठी जपानला जाऊन येते. चार आठवडे, सहा आठवडे, फार तर आठ. सकाळी भाषेचा तास, दुपारी चहाविधी, कुंचल्याने अक्षरे काढणे, जुन्या नाटकातले नृत्य, आणि रात्री एखाद्या जपानी कुटुंबात मुक्काम, असा साधारण क्रम असतो. परत आल्यावर शेजारीपाजारी विचारतात, “काय रे, आली का जपानी?” पोरगा लाजतो. ‘हो’ म्हणावे तर खोटे, ‘नाही’ म्हणावे तर घरच्यांचे पैसे फुकट गेले असे वाटायचे!

एवढ्या थोड्या दिवसांत परकी भाषा येते का, आणि भाषा शिकायला गेलेल्याने चहाची वाटी कशी धरायची हे कशाला शिकायचे, हे प्रश्न आजचे नव्हेत. जपानीच्या बाबतीत ते प्रथम पडले पावणेपाचशे वर्षांपूर्वी, आणि तेही आपल्या शेजारी, गोव्यात.

आंजिरो नावाचा एक जपानी गृहस्थ होता. क्युशू बेटाच्या दक्षिण टोकाला कागोशिमा नावाचे बंदर आहे, तिथला हा राहणारा. त्याच्या हातून एक खून झाला. जीव वाचवण्यासाठी तो एका पोर्तुगीज गलबतावर चढला आणि देश सोडून पळाला. मन मात्र त्याला खाऊ लागले. १५४७ सालच्या डिसेंबरात मलाक्का बंदरात त्याची गाठ फ्रान्सिस झेवियर या पाद्र्याशी पडली. ज्यांचे शव आजही जुन्या गोव्यात बॉम जीझस चर्चमध्ये आहे, तेच हे झेवियर. त्यांनी आंजिरोला गोव्याला पाठवले. तिथे सेंट पॉल कॉलेजात तो राहिला, आणि २० मे १५४८ रोजी त्याचा बाप्तिस्मा झाला. त्या कॉलेजची आता एक कमान तेवढी उभी आहे. जुन्या गोव्याला गेलात तर ती पाहून या. गोव्यात येऊन शिकलेले पहिले जपानी विद्यार्थी त्याच कॉलेजातले.

आंजिरो हुशार खरा. सुमारे आठ महिन्यांत तो पोर्तुगीज बोलू, वाचू, लिहू लागला, असे झेवियर यांनी कौतुकाने कळवले आहे. त्याच पत्रव्यवहारात एक गमतीची हकीगत आहे. जपानी लोक वरून खाली लिहितात हे पाहून झेवियर यांनी त्याला विचारले, तुम्ही आमच्यासारखे का लिहीत नाही? आंजिरोने उलट विचारले, तुम्हीच आमच्यासारखे का लिहीत नाही? माणसाचे डोके वर असते आणि पाय खाली. तेव्हा लिहायचेही वरून खालीच. मला हे उत्तर फार आवडते. गुरू कोण आणि शिष्य कोण, हे त्या क्षणी सांगता येत नाही.

आणखीही एक प्रश्न झेवियर यांनी विचारला होता. मी तुमच्या देशात आलो तर लोक माझा धर्म घेतील का? आंजिरो म्हणाला, लगेच घेणार नाहीत. आधी पुष्कळ प्रश्न विचारतील, मग तुम्ही बोलता तसे वागता की नाही ते पाहतील, आणि मगच ठरवतील. आपल्या लोकांविषयी इतके नेमके बोलणारा माणूस बरोबर असताना आणखी कोणाची गरज, असे झेवियर यांना वाटले असल्यास नवल नाही.

१५ एप्रिल १५४९ रोजी मंडळी गोव्याहून निघाली आणि बरोबर चार महिन्यांनी, १५ ऑगस्टला, कागोशिमाला उतरली. आंजिरोच्या घरचे, गावचे लोक भेटायला आले. पण झेवियर यांच्या लवकरच लक्षात आले की, लोक आपल्याविषयी बोलताहेत आणि आपल्याला त्यातले अक्षर कळत नाही. आपण यांच्यामध्ये दगडी पुतळ्यांसारखे आहोत, अशा अर्थाचे त्यांनी लिहून ठेवले आहे. शहाणा, वयाने चाळिशी ओलांडलेला, युरोपातल्या विद्यापीठात शिकलेला माणूस. आणि इथे तान्ह्या पोरासारखे बोबडे बोलायची पाळी!

मग एक उपाय निघाला. आंजिरोने धर्माची प्रमुख तत्त्वे जपानीत उतरवायची, ती रोमन अक्षरांत लिहून घ्यायची, आणि झेवियर यांनी लोकांपुढे ती मोठ्याने वाचायची. आपल्याकडे नवखा वक्ता दुसऱ्याने लिहून दिलेले भाषण वाचतो ना, तसे. ऐकणारे काही जण हसत, काही ऐकून घेत. पण खरी अडचण उच्चारांची नव्हती.

देवाला जपानीत काय म्हणायचे? आंजिरोने शब्द दिला: दाइनिची. झेवियर यांनी तो घेतला आणि दाइनिचीची भक्ती करा असा उपदेश चालवला. एक वर्ष गेले, दुसरे लागले. शिंगोन नावाच्या बौद्ध पंथाचे भिक्षू तर आनंदाने ऐकत; तुमचा आमचा धर्म एकच, म्हणत. आता पाहा, ‘दाइनिची’ म्हणजे ‘महासूर्य’. आणि हा कोणी नवा देव नव्हे. संस्कृतात ज्याला महावैरोचन म्हणतात तो हा बुद्ध, शिंगोन पंथाचे मुख्य दैवत! म्हणजे हजारो कोस समुद्र ओलांडून आलेला ख्रिस्ती पाद्री दोन वर्षे बौद्धांच्याच बुद्धाचा प्रचार करीत हिंडत होता.

१५५१ मध्ये यामागुची गावी भिक्षूंना खोदून खोदून प्रश्न विचारल्यावर हे उघडकीला आले. झेवियर यांनी आपल्या सोबतच्या हुआन फर्नांदेझला तत्काळ रस्त्यावर पाठवले आणि दाइनिचीची पूजा करू नका असे सांगायला लावले. काल करा म्हणत होते, आज करू नका म्हणतात! त्यानंतर परका शब्दच वापरायचा ठरले, ‘देउस’. तर भिक्षूंनी त्याची थट्टा केली ‘दाइ उसो’ म्हणून. दाइ म्हणजे मोठे, उसो म्हणजे खोटे. पुढे १५५५ मध्ये बाल्तासार गागो नावाच्या पाद्र्याने सगळे शब्द तपासले, तेव्हा असे घोटाळ्याचे पन्नासांहून अधिक बौद्ध शब्द सापडले.

यात दोष कोणाचा? इतिहासाच्या पुस्तकांत आंजिरोला सरसकट अडाणी ठरवलेले आढळते. त्याला चिनी लिपीतले धर्मग्रंथ वाचता येत नव्हते, हे खरे. पण मला त्या माणसाची दया येते. तो बंदरावरचा साधा माणूस. त्याला बाजारातली, घरातली जपानी येत होती. त्याला विचारले गेले तत्त्वज्ञानातले. गोव्यात सगळे त्याच्याकडे मोठ्या आशेने पाहत असताना ‘हे मला ठाऊक नाही’ असे म्हणण्याइतकी उसंत त्याला कोणी दिली असेल? आणि त्याचे उत्तर ताडून पाहायला दुसरा एकही जपानी जाणकार जवळ नव्हता. चार आठवडे जपानला जाऊन आलेल्या मुलाला आपण कारखान्यातल्या जपानी पाहुण्यापुढे दुभाषी म्हणून उभे करतो, तेव्हा त्याचा आंजिरो करीत असतो. पुढे हा आंजिरो चाच्यांबरोबर चीनच्या किनाऱ्याकडे गेला आणि तिथे मारला गेला, असे फ्रोइश या पाद्र्याने नमूद केले आहे.

झेवियर १५५१ च्या अखेरीस जपानहून निघाले, आणि पुढल्याच वर्षी ३ डिसेंबरला चीनच्या किनाऱ्याजवळ एका बेटावर वारले. त्यांच्यामागे जपानात जे काम चालले त्याची सूत्रे १५७० मध्ये फ्रान्सिस्को काब्राल याच्या हाती गेली. हा कडक स्वभावाचा. ही भाषा कोणाला येणेच शक्य नाही असे त्याचे मत. हुशारातल्या हुशार माणसालाही लोकांचा पापनिवेदनाचा विधी ऐकण्यापुरती जपानी यायला सहा वर्षे लागतील, आणि प्रवचन करण्याइतकी यायला पंधरा, असा त्याचा हिशेब! जपानी शिष्यांना पोर्तुगीज आणि लॅटिन शिकवायलाही त्याचा विरोध. न जाणो, आपण आपसांत काय बोलतो ते त्यांना कळायचे. जेवणे मेजावर, मांस शिजवणे घरात, आणि स्वच्छतेच्या नावाने शिमगा. जपानी घरात शिरताना पादत्राणे बाहेर काढतात, कारण बसायचे, जेवायचे, निजायचे सगळे त्याच चटयांवर. आपल्या शेणाने सारवलेल्या ओटीवर कोणी चिखलाचे जोडे घालून आला तर आजी काय म्हणेल? तसेच तिथे झाले.

१५७९ मध्ये आलेस्सांद्रो वालिन्यानो हा इटालियन पाद्री तपासणीसाठी जपानात आला. योगायोग असा की, त्याच वर्षी थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री गोव्यात उतरला. हाच पुढे आपल्या मराठीत ‘क्रिस्तपुराण’ लिहिणारा. एकाच संघाची दोन माणसे, एकाच वर्षी दोन देशांत, परक्या भाषेच्या उंबरठ्यावर उभी होती. मात्र एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. गोव्यात पोर्तुगीजांची सत्ता होती. स्टीफन्सने मनापासून भाषा शिकली ती शिकली; पण त्याच राजवटीत तिथल्या लोकांची जुनी पुस्तके नष्ट केली गेली, आणि १६८४ मध्ये तर स्थानिक भाषेवर बंदीचा हुकूम निघाला. जपानात पाद्र्यांपाशी तलवार नव्हती. तिथल्या एखाद्या सरदाराची मर्जी फिरली की गाशा गुंडाळायचा. म्हणून तिथे पाहुण्याला यजमानाची रीत शिकणे भागच होते.

वालिन्यानोने काब्रालला दूर केले. बुंगो प्रांताचा सरदार ओतोमो सोरिन हा ख्रिस्ती झाला होता. त्याने वालिन्यानोला स्पष्ट सांगितले की, तुमच्या लोकांच्या वागण्याने आमचे मन दुखावते. वालिन्यानोने ते ऐकून घेतले, आणि १५८१ मध्ये जपानी चालीरीतींविषयी एक नियमावलीच लिहिली. कोणाला किती वाकून नमस्कार करायचा, पाहुणा आला तर कुठे बसवायचा, दारापर्यंत पोचवायला कुठवर जायचे, सगळे तीत आले. जेवण जपानी पद्धतीचे. घर स्वच्छ. आणि पाद्र्यांच्या प्रत्येक निवासात चहाची एक खोली असलीच पाहिजे, चहा करता येणारा माणूस तिथे हजर असलाच पाहिजे!

आपल्याला वाटेल, धर्मप्रचाराला आणि चहाला काय संबंध? पण तो काळ सेन नो रिक्यू या चहाविधीच्या सर्वांत मोठ्या आचार्याचा. मोठमोठे सरदार चहाच्या खोलीत भेटत, तिथेच मैत्री जुळे, तिथेच राजकारण चाले. चहा म्हणजे आपल्याकडच्यासारखा दूध-साखर घालून उकळलेला नव्हे. हिरव्या पानांची वस्त्रगाळ पूड वाटीत घालायची, गरम पाणी ओतायचे, आणि बांबूच्या बारीक काड्यांच्या घुसळणीने ती फेसायची. यजमान रेशमी फडके ठरलेल्या घड्या घालून हातात घेतो आणि डबी, पळी पुसतो. पाहुणा वाटी दोन्ही हातांनी घेतो, तिची दर्शनी बाजू आपल्या ओठांना लागू नये म्हणून ती थोडी फिरवतो, मग पितो. सगळे शांतपणे, घाईगर्दी नाही. यजमानाला काय म्हणायचे, शेजारच्या पाहुण्याला ‘तुमच्या आधी घेतो’ म्हणून काय म्हणायचे, ही वाक्येही ठरलेली. तेव्हा चहाच्या खोलीत विद्यार्थी नुसता चहा शिकत नाही. कोणाशी कोणत्या शब्दांत बोलायचे हे शिकतो. जपानीत बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या मानपानाप्रमाणे क्रियापद बदलते, ते व्याकरणाच्या पुस्तकात पाठ करून कळत नाही. समोर वडीलधारे माणूस बसले की कळते.

वालिन्यानोने १५८० मध्ये उसुकी गावी नवशिक्यांसाठी घर उघडले, तिथे परदेशी माणसांना बसून रीतसर जपानी शिकावी लागे. पण शिकायचे कशातून? पुस्तके हवीत. इथे पुन्हा गोवा येतो. १५८२ मध्ये चार जपानी मुलांची वकिलात युरोपला गेली होती. जाताना आणि येताना ती मुले गोव्यात राहिली. त्यांतल्या हारा मार्तिनो या मुलाने १५८७ मध्ये गोव्यात लॅटिनमधून भाषण केले, आणि ते पुढल्या वर्षी गोव्यातच छापले गेले. या मुलांबरोबर युरोपातून छापखान्याचे यंत्र आले होते. ते गोव्यावरून १५९० मध्ये जपानला पोचले.

या छापखान्यातून निघालेली दोन पुस्तके शिक्षक मंडळींना मुद्दाम सांगतो. एक ‘हेइके मोनोगातारी’ या जपानी वीरकथेची सोपी आवृत्ती. तिथले भिक्षू वीणेसारखे वाद्य घेऊन ही कथा गात. आपले शाहीर पोवाडा गातात तशी. ती बोलीभाषेत, दोन माणसांच्या संवादाच्या रूपाने, रोमन अक्षरांत मांडली. कशासाठी? जपानची भाषा आणि जपानचा इतिहास शिकू इच्छिणाऱ्यांसाठी, असा हेतू पुस्तकातच नोंदलेला आहे. दुसरे पुस्तक इसापनीती, १५९३ मधले. परदेशी विद्यार्थ्याला माहीत असलेल्या कोल्ह्या-करकोच्याच्या गोष्टी जपानीत दिल्या, म्हणजे अर्थ ठाऊक आणि शब्द तेवढे नवे! ही युक्ती आजही कोणत्याही भाषेच्या शिक्षकाने वापरून पाहावी.

वीरकथेची ती आवृत्ती तयार करणारा फाबियान फुकान हा जपानी ख्रिस्ती होता. परदेशी लोकांना आपली भाषा त्याने जन्मभर शिकवली असती. पण पुढे तो ख्रिस्ती धर्म सोडून गेला आणि १६२० मध्ये त्याने त्या धर्माचे खंडन करणारा ग्रंथ लिहिला. शिष्याची भाषा शिक्षकाला इतकी नीट कळली होती की, त्याच्या युक्तिवादातल्या फटी त्याला बरोबर दिसल्या.

१६०३ मध्ये नागासाकी येथे जपानी-पोर्तुगीज शब्दकोश निघाला, १६०४ मध्ये त्याची पुरवणी. सुमारे बत्तीस हजार शब्द! आणि कसा कोश? हा शब्द क्योतोकडचा, हा क्युशूकडचा, हा बायकांच्या बोलण्यातला, हा लहान मुलांचा, हा हलका, असे शेरे त्यात आहेत. आजचे जपानी विद्वानही त्या काळची आपली बोली समजून घ्यायला हा कोश उघडतात. पन्नास वर्षांपूर्वी देवाला कोणता शब्द वापरावा हे ज्यांना कळत नव्हते, त्यांच्याच परंपरेतले हे काम.

त्याच सुमारास जुआंव रोद्रिगिश याचे जपानीचे मोठे व्याकरण छापले गेले. हा माणूस पंधरासोळा वर्षांचा असताना, १५७७ मध्ये, जपानात आला. पोर्तुगालमधल्या खेड्यातला पोरगा, शिक्षण बेताचे. जपानातच वाढला, आणि इतकी सुंदर जपानी बोलू लागला की लोक त्याला नुसते ‘दुभाषी’ या अर्थाच्या नावानेच ओळखत. हिदेयोशी आणि इएयासू या दोघा सत्ताधीशांपुढे तो दुभाषी म्हणून उभा राहिला. त्यानेही चहाविधीवर विस्ताराने लिहिले आहे, आणि ते जाणकाराचे लिहिणे आहे. १६२० मध्ये मकाव येथे त्याने व्याकरणाचा संक्षेप छापला, त्यात नवशिक्याला दिलेला सल्ला आहे: लोकांत मिसळून भाषा कानावर पडू द्या, तो एक मार्ग. पण नीट शिकायची तर शिक्षक जपानीच हवा, आणि वाचायला त्यांचेच जुने, चांगले ग्रंथ हवेत. परदेशी माणसाने परदेशी माणसासाठी बनवलेल्या वाक्यांवर त्याचा विश्वास नव्हता.

१६१४ मध्ये पाद्र्यांना देशाबाहेर घालवण्याचा हुकूम झाला, १६३९ मध्ये पोर्तुगीजांना बंदरे बंद झाली, आणि ही सारी विद्या गुंडाळली गेली. त्यानंतर दोनशे वर्षे युरोपियनांपैकी फक्त डच व्यापारी राहिले, तेही नागासाकीजवळच्या देजिमा या चिमुकल्या बेटावर कोंडल्यासारखे. आता शिकणारे जपानी, आणि शिकायची भाषा डच, असा उलटा प्रकार सुरू झाला. १८४८ मध्ये रॅनल्ड मॅकडोनाल्ड नावाचा अमेरिकेकडचा तरुण आपण होऊन जपानच्या उत्तर किनाऱ्यावर उतरला आणि कैद झाला. नागासाकीच्या कैदेत सुमारे सात महिने चौदा जपानी दुभाष्यांनी त्याच्यापुढे बसून इंग्रजी वाचले. उच्चार चुकला की तो सुधारी. बंदिवान गुरुजी आणि सरकारी शिष्य! त्यांतला मोरियामा एइनोसुके १८५४ मध्ये अमेरिकन आरमाराशी तह होताना दुभाषी होता.

आता आपल्या काळाकडे येऊ. वालिन्यानो १५८१ मध्ये ज्या ओदा नोबुनागाला भेटला, तो नोबुनागा पुढल्याच वर्षी त्याच्याच सरदाराच्या, आकेची मित्सुहिदेच्या, बंडात क्योतोमध्ये मेला. मित्सुहिदे ज्या किल्ल्यातून सैन्य घेऊन निघाला, तो किल्ला क्योतोच्या पश्चिमेला कामेओका गावी होता. पुढे तो मोडकळीला आला, आणि १९१९ मध्ये ती ओसाड जागा ओमोतो नावाच्या नव्या धर्मपंथाने विकत घेतली. देगुची नाओ या गरीब स्त्रीने १८९२ मध्ये हा पंथ स्थापला. तिचा जावई ओनिसाबुरो याने तो वाढवला. लष्करशाहीच्या काळात सरकारला या पंथाची भीती वाटली. १९३५ च्या डिसेंबरात ओनिसाबुरोला पकडले, आणि पंथाच्या इमारती सुरुंग लावून उडवल्या. तो १९४२ मध्ये सुटला. सुटल्यावर या म्हाताऱ्याने काय करावे? चहाच्या वाट्या घडवायला बसला. भडक, उजळ रंगांच्या, हाताच्या बोटांचे ठसे दिसणाऱ्या सुमारे तीन हजार वाट्या त्याने केल्या, आणि १९४८ मध्ये वारला.

या वाट्यांचे प्रदर्शन १९७२ पासून युरोपात आणि पुढे अमेरिकेत फिरले. ती पाहून परदेशी लोक विचारू लागले, हे कसे शिकायचे? म्हणून १९७६ च्या उन्हाळ्यात कामेओकाला परदेशी लोकांसाठी जपानी परंपरागत कलांचा सुमारे महिनाभराचा वर्ग सुरू झाला. डेव्हिड किड हा अमेरिकन गृहस्थ त्याच्या मुळाशी होता. तो तरुणपणी पेकिंगमध्ये राहिलेला, तिथल्या जुन्या घराण्यांचा अस्त डोळ्यांनी पाहिलेला. विषय चार: चहाविधी, कुंचल्याचे लेखन, नो नाटकातले नृत्य आणि शस्त्रविद्या. पहिल्याच वर्षीच्या विद्यार्थ्यांत अॅलेक्स कर हा तरुण अमेरिकन होता. त्याने पुढे मूळ जपानीत पुस्तक लिहिले, आणि त्याला १९९४ मध्ये जपानमधले साहित्यिक पारितोषिक मिळाले.

आता हे चार विषय महिनाभरात येतात का? मुळीच नाही. चहाच्या शाळेत लोक वीस वीस वर्षे शिकतात. पण पद्धत पाहण्यासारखी आहे. नो नृत्यात पहिला धडा चालण्याचा: टाच उचलायची नाही, पाऊल जमिनीवरून सरकवायचे. आपण जन्मभर चालतो, आणि इथे गुरुजी सांगणार की तुम्हाला चालता येत नाही! कुंचल्याच्या लेखनात ‘एइ’, म्हणजे ‘चिरंतन’, हे एकच अक्षर घेतात, कारण त्यात लेखनाचे मूळ आठ फटकारे येतात. गुरुजी लाल शाईने त्यावर सुधारणा करतात. चहाच्या फडक्याची घडी दहादा चुकते आणि अकराव्यांदा हात धरून घालून देतात. झेवियर यांना जे दोन वर्षांत मिळाले नाही, ते इथे पहिल्याच दिवशी मिळते, ते म्हणजे चूक दाखवणारा माणूस.

आणि भाषेचे काय? जपानात रोजच्या वापराची म्हणून सरकारने ठरवलेली चिनी अक्षरे २१३६ आहेत. त्यांपैकी १०२६ तिथली मुले प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत शिकतात. चार आठवड्यांत आपल्या मुलाला शंभर आली तरी पाठ थोपटावी. मराठी मुलाला मात्र वाक्य फार जड जात नाही. इंग्रजीत क्रियापद मध्ये येते, जपानीत ते आपल्यासारखे शेवटी. ‘तोकियो नी इकिमास’, म्हणजे ‘तोकियोला जातो’. ‘ला’ जसा नामाच्या मागे लागतो तसा ‘नी’. ‘तोकियो कारा’ म्हणजे ‘तोकियोहून’. आणि गंमत पाहा, प्रश्न विचारायचा तर शेवटी ‘का’ लावायचा: ‘इकिमास का?’ म्हणजे ‘जाता का?’ हा ‘का’ निव्वळ योगायोगाचा. त्यावरून नाते जोडायला जाऊ नये. तू, तुम्ही, आपण यांतला भेद आपल्याला आईच्या मांडीवर कळलेला असतो, त्यामुळे त्यांचे मानपानही आपल्याला इंग्रजांपेक्षा लवकर उमगते.

खरे नाते मात्र लिपीच्या क्रमात आहे, आणि तेही एका थोड्या मुदतीच्या अभ्यासातून आलेले. वर ज्या शिंगोन पंथाचे नाव आले, त्याचा संस्थापक कूकाइ हा भिक्षू ८०४ साली चीनला शिकायला गेला. नेमणूक वीस वर्षांची होती. तो दोनच वर्षांत परत आला. चांगआन नगरात प्रज्ञ नावाच्या भारतीय भिक्षूकडे तो संस्कृत शिकला आणि सिद्धम लिपीतले ग्रंथ घेऊन मायदेशी परतला. त्याच्यामागे जपानी मठांत वर्णमालेचा अभ्यास सुरू झाला, आणि त्या अभ्यासातूनच पुढे जपानी अक्षरांचा तक्ता आपल्या वर्णमालेच्या क्रमाने मांडला गेला.

शिक्षक बंधूंनी हा तक्ता एकदा फळ्यावर लिहून पाहावा. आधी स्वर: आ, इ, उ, ए, ओ. मग ओळींची पहिली अक्षरे: का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आपल्या क-वर्गाच्या जागी ‘का’, च-वर्गाच्या जागी ‘सा’, मग ‘ता’, ‘ना’. प-वर्गाच्या जागी ‘हा’ कसा आला, असे एखादा चौकस मुलगा विचारील. त्याला सांगा, फार पूर्वी जपानी लोक त्या ओळीतली अक्षरे ‘पा’ अशी म्हणत. उच्चार बदलला, जागा तीच राहिली.